वाचक विचारतात : मॅक्लॉफ्लिन ऐकायचे कुठून आणि मोजायचे कसे

'शक्ती' या भारतीय-पाश्चात्त्य संचाच्या 'धिस मोमेंट' या अल्बमला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीर हुसेन गेले. त्यानंतर याच संचाचे इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्याबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

मी तबला शिकते. झाकीरभाईंमुळे 'शक्ती' हे नाव माहीत आहे, पण मॅक्लॉफ्लिन यांचे अल्बम शोधायला गेलं की नावांचा ढीग समोर येतो. सुरुवात कुठून करू? – ठाणे

तबल्याचा कान तयार असेल तर 'शक्ती विथ जॉन मॅक्लॉफ्लिन' या पहिल्याच अल्बमपासून. न्यूयॉर्क राज्यातल्या साउथॅम्प्टन कॉलेजात ५ जुलै १९७५ रोजी झालेल्या मैफलीचं हे ध्वनिमुद्रण १९७६ मध्ये बाजारात आलं. व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवर विक्कू विनायकराम, मृदंगमवर रामनाड राघवन आणि मॅक्लॉफ्लिन यांच्या हातात साधी, बिनविजेची गिटार. रचना तीनच आहेत.

बहुतेक जण पहिलीच 'जॉय' लावतात. तिची अठरा मिनिटं इतक्या वेगाने जातात की पाचव्या मिनिटाला कान थकतो आणि अल्बम कायमचा बाजूला पडतो. म्हणून आधी मधली 'लोटस फीट' ऐका. ती छोटी आणि संथ आहे, आणि घटम कुठला, तबला कुठला, मृदंगम कुठला हे तिच्यात सहज ओळखू येतं. मग 'जॉय'कडे या. पहिल्या वेळी गिटार आणि व्हायोलिन जी धून एकत्र वाजवतात तेवढीच पकडा आणि ती परत कधी येते याची वाट पाहा. दुसऱ्या वेळी फक्त घटम ऐका. तिसऱ्या वेळी गिटारच्या ताना तोंडाने बोलांत म्हणून पाहा. तुम्हाला हे जमेल, कारण त्या ताना बोलांच्या हिशेबानेच बांधलेल्या आहेत. इथे गिटारवाले अडतात, तबलेवाले नाही.

पुढचा 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी' १९७६ मध्ये लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत झाला. त्यातली 'ला दाँस द्यू बॉनर' कोन्नक्कोलने सुरू होते, म्हणजे तोंडी बोलांनी. तबला शिकणाऱ्याने ती वही-पेन्सिल घेऊन ऐकावी. तिसरा 'नॅचरल एलिमेंट्स' (१९७७) आम्ही शेवटी ठेवू. त्यात तुकडे छोटे केले आहेत आणि या वादकांना फुलायला जी जागा लागते ती तिथे मिळत नाही.

मग मागे जा. 'माय गोल्स बियाँड' (१९७१) च्या एका बाजूला एकट्या गिटारच्या छोट्या रचना आहेत, दुसऱ्या बाजूला बादल रॉय यांचा तबला, तंबोरा, व्हायोलिन आणि बिली कॉबहॅम यांचे ड्रम. चार वर्षांनी येणाऱ्या 'शक्ती'चं बीज इथे स्पष्ट दिसतं. विजेच्या गिटारचा कर्कशपणा सोसायची तयारी झाली की मॅक्लॉफ्लिन यांच्याच महाविष्णू ऑर्केस्ट्रा या संचाचा 'द इनर माउंटिंग फ्लेम' (१९७१).

महाविष्णू ऑर्केस्ट्राचा ताल हाताला लागत नाही. दर वेळी सम चुकते. मोजायची काही पद्धत आहे का? – कोल्हापूर

आहे, पण त्यासाठी आपली एक सवय बाजूला ठेवावी लागते. इथे खाली-भरी शोधू नका, कारण ठेका नावाची गोष्टच नाही. गिटार किंवा बेस एक छोटी ओळ पुनःपुन्हा फिरवत राहतो. ती ओळ हेच आवर्तन. ड्रम त्या ओळीवर मुक्त खेळतात, आणि नेमकी तिथेच दिशाभूल होते.

'व्हायटल ट्रान्सफॉर्मेशन' घ्या. सुरुवातीला कॉबहॅम एकटे वाजवतात. तिथे मोजू नका, थांबा. गिटारची ओळ सुरू झाली की ती जिथून नव्याने सुरू होते तिथेच एक टाळी द्या, मध्ये काही नाही. चार-पाच आवर्तनं टाळी नीट पडली की दोन टाळ्यांमधली अंतरं मोजा. नऊ येतील. मग बोल म्हणा : त क दि मि, त क त कि ट. चार आवर्तनांनंतर टाळी घसरत असेल तर तुम्ही ओळीऐवजी स्नेअर ड्रमचा मोठा आघात सम धरून बसला आहात. हीच चूक सगळ्यात जास्त होते. कॉबहॅम तो आघात मुद्दाम ओळीच्या मध्यात टाकतात.

नऊ पक्के झाले की 'द डान्स ऑफ माया'. सुरुवातीच्या तुटक सुरांत दहा मोजता येतात आणि मन लगेच झपतालाकडे धावतं. त्याला आवरा. दोन-तीन-दोन-तीन अशी विभागणी इथे बसत नाही आणि 'धी ना' म्हटलंत की हात अडखळतो. नुसते दहा आकडे म्हणा. मध्ये ब्लूजचा झुलता भाग येतो. तिथे दहाच्या दोन फेऱ्या मिळून वीसाचं एक मोठं आवर्तन धरा, म्हणजे झोका मोडत नाही. शेवटी तुटक सूर आणि ब्लूज एकमेकांवर चढवले आहेत. तोपर्यंत हिशेब टिकला तर पुढचं अवघड नाही.

'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३) या अल्बममधली त्याच नावाची रचना अठरा मात्रांची. तिथे व्हायोलिनच्या लांब सुरांमागे गेलात तर बुडालात. खाली गिटारचे सुटे सूर चालू असतात, ते धरून ठेवा. त्याच अल्बममधल्या 'वन वर्ड'मध्ये गिटार, व्हायोलिन आणि कीबोर्ड यांची सवाल-जवाबासारखी देवाणघेवाण आहे. प्रत्येकाच्या वाट्याची लांबी कमी कमी होत जाते. शेवटाकडे तेराचा भाग येतो : त क दि मि, त क दि मि, त क त कि ट.

या आवर्तनांत तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणं, बसवून पाहायची असेल तर नेहमीचाच हिशेब चालतो. तुकड्याच्या मात्रा गुणिले तीन, अधिक मधल्या विश्रांतीच्या मात्रा गुणिले दोन, याची बेरीज आवर्तनाच्या मात्रांपेक्षा एकाने जास्त यावी, कारण शेवटचा आघात पुढच्या समेवर पडतो. दहासाठी तीनचा तुकडा आणि एकाची विश्रांती : नऊ अधिक दोन, अकरा. अठरासाठी पाचचा तुकडा आणि दोनाची विश्रांती : पंधरा अधिक चार, एकोणीस. रेकॉर्डिंग चालू ठेवून त्यावर हे म्हणा. एकदा जमलं की ही रचना परकी राहत नाही.

'शक्ती'मध्ये मॅक्लॉफ्लिन यांच्या गिटारला तरफा होत्या आणि फ्रेटबोर्ड खोदलेला होता असं वाचलं. माझ्या गिटारवर तसं करून घेता येईल का? – पुणे

माहिती बरोबर आहे. गिब्सन जे-२०० या मोठ्या आकाराच्या गिटारवर एब्राहम वेक्टर यांनी काम केलं होतं. तरफा म्हणजे साउंडहोलवरून तिरप्या जाणाऱ्या सात जादा तारा, त्या रागाप्रमाणे लावायच्या. मुख्य तारा वाजल्या की त्या गुणगुणतात आणि मधूनच चिकारीसारख्या छेडताही येतात. दोन फ्रेटच्या, म्हणजे पडद्यांच्या, मधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं होतं.

खोदण्याचं कारण वीणेत आहे. मॅक्लॉफ्लिन अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकले. वीणेचे पडदे मेणाच्या कण्यावर उंच बसवलेले असतात, त्यामुळे बोट लाकडाला न टेकता तार ओढता आणि दाबता येते. साध्या गिटारवर बोट लाकडाला घासतं आणि गमक, म्हणजे सुराचा हेलकावा, अर्ध्यावर अडतं. लाकूड काढलं की बोटाखाली फक्त तार उरते.

तुमच्या गिटारबद्दल आमचा सल्ला असा. तरफांचा विचार सोडा. जादा तारांचा ताण पेलायला वरच्या फळीखालच्या पट्ट्या वेगळ्या लागतात. तयार गिटारला खुंट्या ठोकल्या तर फळी फुगते किंवा ब्रिज उखडतो. गुणगुण हवी असेल तर शेजारी स्वरमंडळ रागात लावून ठेवा, दोन वाद्यांत हातभर अंतर पुरे.

खोदकामाआधी दोन स्वस्त उपाय करून पाहा. एक, जाड आणि उंच जातीची फ्रेट-तार बसवून घ्या. निम्मा फायदा तिथेच मिळतो आणि लाकूड शाबूत राहतं. दोन, विजेच्या गिटारवर ०.००९ इंचाचा पातळ तारसंच चढवा. तरीही हवंच असेल तर बाराव्या फ्रेटच्या पुढचाच भाग करून घ्या. तिथे कॉर्ड क्वचितच धरले जातात.

काम करणाऱ्या कारागिराशी हे ठरवा. फ्रेटवर दोन थर मास्किंग टेप लावायची. अर्धगोल कानस फ्रेटला समांतर चालवायची, फ्रेटच्या कडेजवळ थोडं लाकूड सोडायचं, नाहीतर फ्रेट सैल होते. खोली मध्यभागी दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवायची. मग १२०, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिशपेपर. रोझवूड असेल तर शेवटी तेलाचा हात पुरतो. मेपल असेल तर पुन्हा लॅकर द्यावंच लागतं, नाहीतर घामाने लाकूड काळं पडतं. फ्रेटबोर्डवरचे ठिपके पातळ असतील तर कानस त्यांच्या आरपार जाते, हे आधी तपासा.

सुरुवातीला सगळं बेसूर वाटेल. गिटार बिघडलेली नसते, डाव्या हाताचा जोर जास्त असतो. खोदलेल्या जागी तार जास्त दाबली की सूर चढतो. ट्यूनर लावून प्रत्येक सूर इतका हलका धरायचा की काटा मध्यावर राहील. त्याची सवय होईपर्यंत बार कॉर्ड टाळा. पुढे 'रिमेंबर शक्ती'च्या काळात खुद्द मॅक्लॉफ्लिन यांनीही तरफांची गिटार सोडून पोकळ अंगाची, विजेची गिब्सन जॉनी स्मिथ घेतली. आमच्या कानाला पहिल्या गिटारची गमकं जास्त गोड लागतात, पण मोठ्या सभागृहात तिचा आवाज बाकीच्या वाद्यांबरोबर निभावणं अवघडच होतं.

'शक्ती' आणि 'रिमेंबर शक्ती' एकच का? मुंबईतलं रेकॉर्डिंग कोणतं? – नाशिक

मूळ 'शक्ती' १९७० च्या दशकातली. त्यानंतर १९९७ मध्ये इंग्लंडच्या छोट्या दौऱ्यासाठी मॅक्लॉफ्लिन, झाकीर आणि विक्कू पुन्हा एकत्र आले. व्हायोलिनच्या जागी हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी होती. त्या मैफलींचा 'रिमेंबर शक्ती' हा दोन सीडींचा संच १९९९ मध्ये निघाला. त्यात अर्ध्या तासाहून मोठा 'चंद्रकंस' आणि तासाभराचा 'मुक्ती' आहे. शास्त्रीय संगीताची सवय असलेल्या घरात हाच संच सगळ्यात आधी रुळेल. पुढे मेंडोलिनवर यू. श्रीनिवास आले आणि घटम-कंजिऱ्यावर विक्कूंचे चिरंजीव सेल्वागणेश. मॅक्लॉफ्लिन, झाकीर आणि हे दोघे अशा चौघांचा 'द बिलीव्हर' २००० मधला. श्रीनिवास यांच्या मेंडोलिनमुळे गिटारला तिच्याच जातीचा, पण गमकांत मुरलेला जोडीदार मिळाला. त्या दोघांचे सवाल-जवाब आम्हाला या साऱ्या दुसऱ्या पर्वाचं शिखर वाटतात. श्रीनिवास २०१४ मध्ये अकालीच गेले.

मुंबईचं रेकॉर्डिंग म्हणजे 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे'. मैफली डिसेंबर २००० मधल्या, अल्बम २००१ चा. रचना चार. 'शृंगार' ही पंडित शिवकुमार शर्मांची संतूरवरची दीर्घ रचना आहे. 'गिरिराज सुधा'मध्ये शंकर महादेवन त्यागराजांची गणपतीवरची कृती गातात. मूळ कृती बंगाल रागातली. शिवाय देबाशिष भट्टाचार्य, तौफिक कुरेशी, भवानीशंकर, शिवमणी असे पाहुणे. पाहुण्यांची गर्दी झाल्यामुळे मॅक्लॉफ्लिन यांची गिटार मात्र कमी ऐकू येते. ती ऐकायची असेल तर 'द बिलीव्हर'च घ्या.

'धिस मोमेंट' (२०२३) मधली मंडळी : मॅक्लॉफ्लिन, झाकीर, शंकर महादेवन, सेल्वागणेश आणि व्हायोलिनवर गणेश राजगोपालन. 'फ्लोटिंग पॉइंट' (२००८) या नावावर 'शक्ती' नाही, पण तो चेन्नईत झाला आहे आणि त्यात ड्रमवर रणजित बारोट, कीबोर्डवर लुई बँक्स आहेत. भारतीय वादकांबरोबर केलेलं त्यांचं फ्यूजन ऐकायचं तर तो सोडू नका.

आणखी एक सांगतो. रागाच्या बाजूने मॅक्लॉफ्लिन यांच्या वाजवण्यात उणिवा काढता येतात. मींड सतारीइतकी लांब जात नाही, आलापात ते फार वेळ रमत नाहीत. लयीत मात्र त्यांना कुणी सांभाळून घ्यावं लागत नाही. आपले वादक त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं का वाजवत राहिले, याचं उत्तर आम्हाला तिथे दिसतं.

शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक यांनी मॅक्लॉफ्लिनबरोबर वाजवलं आहे ना? काय ऐकावं? – बेळगाव

हो. शोभाताईंचा जन्म तुमच्या गावचा, त्रिलोक यांचा मुंबईचा, १९५१ चा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मॅक्लॉफ्लिन यांनी तिघांचा संच केला : स्वतः गिटार, त्रिलोक तालवाद्यांवर आणि बेस गिटारवर काइ एकहार्ट. 'लाइव्ह ॲट द रॉयल फेस्टिव्हल हॉल' हे लंडनमधलं २७ नोव्हेंबर १९८९ चं रेकॉर्डिंग घ्या. त्रिलोक यांची मांडणी ऐकताना डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे आवाज कुठून येतात ते कळेल. ते खुर्चीवर न बसता जमिनीलगत वाजवतात. तबला, ड्रम, झांजा आणि पाण्याची बादली भोवती असते. झांज किंवा घुंगरू वाजवत पाण्यात बुडवलं की सूर खाली घसरतो. रेकॉर्डिंगमध्ये असा घसरता आवाज आला तर तो इलेक्ट्रॉनिक समजू नका. याच मालिकेतला स्टुडिओ अल्बम 'के अलेग्रिया' (१९९२). आईचा आवाज हवा असेल तर त्रिलोक यांचा स्वतःचा 'उस्फ्रेट' (१९८८) शोधा, त्यात शोभाताई गायल्या आहेत.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या कोणत्या रेकॉर्डवर मॅक्लॉफ्लिन आहेत आणि तिथे नेमकं काय ऐकायचं? – एडिसन, न्यू जर्सी

मॅक्लॉफ्लिन यांचा जन्म १९४२ चा, यॉर्कशरमधल्या डॉनकॅस्टरचा. आई व्हायोलिन वाजवत असे. १९६० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्जी फेम, ग्रॅहम बाँड यांच्याबरोबर आणि स्टुडिओत पडेल ते काम केल्यावर १८ जानेवारी १९६९ रोजी त्यांनी 'एक्स्ट्रापोलेशन' रेकॉर्ड केला : सॅक्सोफोनवर जॉन सर्मन, ड्रमवर टोनी ऑक्सली. बरोबर महिन्याने, १८ फेब्रुवारीला, ते न्यूयॉर्कच्या स्टुडिओत माइल्सच्या 'इन अ सायलेंट वे'साठी बसले होते. ड्रमवादक टोनी विल्यम्स यांनी त्यांना आपल्या 'लाइफटाइम' या संचासाठी अमेरिकेत बोलावलं होतं. हे दोन अल्बम लागोपाठ ऐका. पहिल्यात भरगच्च वाजवणारा हात दुसऱ्यात एकेक सूर ठेवून थांबतो. माइल्सच्या अल्बमच्या दुसऱ्या बाजूच्या आरंभीची शांत धून शेवटी पुन्हा येते ती नव्याने वाजवलेली नाही. निर्माते टिओ मासेरो यांनी तीच टेप कापून परत जोडली.

'बिचेस ब्रू' ऑगस्ट १९६९ मध्ये रेकॉर्ड झाला. त्यात 'जॉन मॅक्लॉफ्लिन' याच नावाची एक छोटी रचना आहे आणि तिच्यात माइल्सचा ट्रम्पेट नाहीच. पण गिटारसाठी एकच घ्यायचा असेल तर 'जॅक जॉन्सन' (१९७१). त्यातली 'राइट ऑफ' ७ एप्रिल १९७० ची. गिटार ई स्वरात एक झुलती चाल घेऊन सुरू होते. दोन मिनिटं उलटल्यावर मॅक्लॉफ्लिन बी फ्लॅटवर सरकतात, मायकेल हेंडरसन यांचा बेस मात्र ई वरच राहतो. दोघांत असा ताण पडलेला असतानाच माइल्स ट्रम्पेट घेऊन आत येतात. हेडफोन लावा आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात फक्त बेस ऐका.

'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को'मध्ये तिघांपैकी कोण काय वाजवतं हे ओळखता येत नाही. – पणजी

हेडफोन लावा. डावीकडे पाको दे लुसिया, मध्ये मॅक्लॉफ्लिन, उजवीकडे अल दि मेओला. पाको बोटांनी वाजवतात, बाकी दोघे प्लेक्ट्रमने, म्हणजे बोटांत धरायच्या छोट्या चकतीने. दि मेओलांच्या तारा पोलादी, त्यामुळे आवाज धारदार आहे. पहिली गाजलेली 'मेडिटरेनियन सनडान्स' वाजली की लोक मॅक्लॉफ्लिन यांना दाद देतात. तिच्यात ते नाहीतच, ती पाको आणि दि मेओला या दोघांची आहे. 'शॉर्ट टेल्स ऑफ द ब्लॅक फॉरेस्ट' दि मेओला आणि मॅक्लॉफ्लिन यांची, 'फ्रेव्हो रास्गादो' मॅक्लॉफ्लिन आणि पाको यांची. तिघे एकत्र आहेत ते 'फँटसिया स्वीट' आणि शेवटच्या 'गार्डियन एंजल'मध्ये, त्यातली शेवटची स्टुडिओत केलेली. मैफल ५ डिसेंबर १९८० ची. दुसऱ्या दिवशीच्या मैफलीचं 'सॅटर्डे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' २०२२ मध्ये निघालं.

'महाविष्णू' हे नाव कुणी दिलं? – सोलापूर

न्यूयॉर्कमध्ये राहणारे बंगाली गुरू श्री चिन्मय यांनी. मॅक्लॉफ्लिन त्यांचे शिष्य होते. संचाचं नाव त्यावरून.

महाविष्णूचा 'बिटवीन नथिंगनेस अँड इटर्निटी' माझ्याकडे आहे. 'द लॉस्ट ट्रायडंट सेशन्स' वेगळा घ्यावा का? – ठाणे

घ्यावा. जून १९७३ मध्ये लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत पहिल्या संचाने तिसरा स्टुडिओ अल्बम रेकॉर्ड केला, पण आपसात बिनसलं आणि तो प्रसिद्धच झाला नाही. त्याऐवजी ऑगस्टमधल्या न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या मैफलीतून तुमच्याकडचा अल्बम काढला गेला. ट्रायडंटच्या टेपा १९९९ मध्ये बाहेर आल्या. तुमच्याकडच्या तिन्ही रचना, म्हणजे 'ट्रिलॉजी', 'सिस्टर अँड्रिया' आणि 'ड्रीम', तिथे आहेतच, शिवाय आणखी तीन आहेत. त्यांतली 'आय वंडर' व्हायोलिनवाले जेरी गुडमन यांची, 'स्टेपिंग्ज टोन्स' बेसवाले रिक लेअर्ड यांची. इतरांच्या रचनांना जागा मिळावी हा त्या संचातल्या वादाचा एक मुद्दा होता, तो इथे कानांनी कळतो.

दोन्हींमधली 'ड्रीम' लागोपाठ ऐका. मैफलीतली खूप लांब आहे आणि तिच्यात गिटार-ड्रमची झुंज जास्त पेटते, पण मोजायला शिकत असाल तर ट्रायडंटची घ्या. तिथे बेस स्वच्छ ऐकू येतो, आणि लेअर्ड जवळपास कधीच आवर्तन सोडत नाहीत.